तीस सेकंदांचा फोटो

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर बसले होते. भाची मोबाइलवर आपला रात्रीचा फोटो कापून सारखा करत होती. मामांनी डोकावून पाहिलं.

"काय कापतेयस?"

"कडेचा अंधार, मामा. उगीच जागा अडवतोय."

"काप. पण आधी त्यात कोण आहे ते नीट बघून घे. आमच्या घड्याळजींना ते फार उशिरा दिसलं."

भाचा जवळ सरकला. "झालं. आज झोपेचं खोबरं."

"घाबरवत नाही रे. तीस वर्षांची आमची ओळख. त्यांनी मला सांगितलं तसंच सांगतो."

घड्याळजींचं दुकान घरापासून सात मिनिटांवर. दुसऱ्याचं घड्याळ सेकंदाला लावून देणार, पण स्वतः घरी कधी वेळेवर यायचे नाहीत. समोर एखादं घड्याळ उघडं पडलं की जगाचं भान सुटायचं. बायको दारावरचा दिवा लावून पायरीवर उभी राहायची. "आलात एकदाचे," एवढंच म्हणायची. ते आत शिरले की स्वतःच्या हाताने दिवा बंद करायची. दुसऱ्या कुणी बंद केलेला तिला चालायचा नाही.

एक दिवस नऊला येतो म्हणाले आणि लंबकाच्या एका घड्याळात अडकले. घरी पोचले तेव्हा अकरा वीस झाले होते. ती पायरीवर चौकटीला डोकं टेकून बसली होती. दिवा चालू होता. ती गेली होती.

घड्याळजी रडले नाहीत. आठवड्याने दुकान उघडलं. वेळेला जेवायचे, विचारलं तर बोलायचे. सगळं दुसऱ्या कुणाचं चाललंय आणि आपण बाजूला बसलोय, तसं. ती आपली वाट बघत गेली की नऊच्या आधीच गेली, एवढं एकच डोक्यात फिरत राहायचं. दारावरचा दिवा मात्र त्यांच्याने बंद करवेना. चार महिने तो दिवसरात्र तसाच चालू राहिला.

बापाचं मन कशात तरी रमावं म्हणून मुलाने कॅमेरा आणून दिला. मुलगा आणि सून पलीकडच्या गल्लीत राहायचे. सून लोकांचे लग्नाचे फोटो संगणकावर नीट करून द्यायची, तिनेच सासऱ्यांना कॅमेरा लावायला शिकवलं. घड्याळजींनी रात्रीचा पहिला फोटो काढला तो आपल्याच घराचा. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, रात्री अकरा वीस. कोपऱ्यावर स्टँड उभा केला, कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवला. तीच वेळ का, ते त्यांना कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते फोटो घेऊन सुनेकडे गेले.

"बाबा, हा घराचा फोटो आहे की रस्त्याचा? खाली नुसतं डांबर."

"तू कर सारखं."

"आणि घर बघा, पडायला आलंय. लोकांची घड्याळं अशीच तिरकी टांगता का?"

"नाही."

"मग फोटोने काय घोडं मारलंय?"

तिने घर सरळ केलं. डांबर कापलं, वरचं काळं आभाळ कापलं. आता दार मधोमध आलं. पण दारापाशी सगळा पांढरा भपकाच होता.

"या दिव्याने फोटो गिळलाय. कापावा तर दारही जातं. थांबा, उजेड खाली ओढून बघते."

भपका हळूहळू ओसरला. आधी चौकट दिसली. मग पायरी. पायरीवर काहीतरी उभं.

"डाग पडलाय. पुसून टाकते."

"राहू दे. मोठं कर."

तिने मोठं केलं.

राखाडी शाल. एक हात चौकटीवर. सगळा भार डाव्या पायावर. उजवा गुडघा दुखायचा तिचा...

सुनेने माउसवरचा हात काढून घेतला. "शेजारचं कुणी असेल, बाबा."

"मी समोर उभा होतो. पायरी रिकामी होती." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "त्या तीस सेकंदांत दोन माणसं बोलत गेली. एक कुत्रं गेलं. ती कुठायत?"

"हलतं ते उमटत नाही, बाबा. थांबतं तेच..."

ती पडद्याजवळ वाकली.

शालीचा काठ स्पष्ट होता. दोरा न् दोरा मोजता आला असता. तीस सेकंदांत माणूस श्वास तरी घेतं.

आणि तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. पलीकडे वळलेलं होतं. दुकानाच्या रस्त्याकडे.

"मी चुकीच्या बाजूला उभा राहिलो," घड्याळजी म्हणाले. एखाद्या घड्याळातला दोष सापडावा, तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दुकानात गेले. दिवसभर एकही घड्याळ उघडलं नाही. अकरा तेराला उठले.

रस्ता रिकामा. सगळी दारं बंद.

वळणावरून दिवा दिसला. चालू होता.

ते चालत राहिले. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

दहा पावलं. पायरी रिकामी.

पाच. रिकामीच.

ते पायरीशी थांबले. खिशात किल्ली चाचपली. अकरा वीस.

"आलो," ते म्हणाले.

...

दिवा बंद झाला.

बराच वेळ ते अंधारात उभे होते. मग हाताने चाचपत कुलूप उघडलं. बल्ब गेला असेल, म्हणाले. पहिल्यांदा कुणालाही तसंच वाटेल.

गच्चीवर भाचीचा मोबाइल केव्हाच विझला होता.

"गेला होता ना बल्ब?" तिने हळूच विचारलं.

"त्यांनी काडी ओढून दिव्याच्या आतल्या बटणाकडे पाहिलं. चार महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता, वर धुळीचा थर बसलेला. बटण बंद होतं... आणि धुळीत मधोमध, बोटाच्या टोकाएवढी जागा स्वच्छ होती."