फोको आल्बर्ट्सची डिस्क

"वीब्के, ताबडतोब ये. फोकोची डिस्क कुणीतरी कोरी केलीय. आणि कुणी ते मला चांगलं ठाऊक आहे."

एवढं बोलून गेशे आल्बर्ट्सनं फोन आपटला.

वीब्के हार्म्स निघाली. तिची अठ्ठावीस वर्षं जर्मनीतल्या एम्डेन बंदराच्या जकात खात्यात गेली होती. निवृत्तीनंतर लेर गावातल्या जुन्या संगणकवाल्यांच्या क्लबात ती वेळ घालवायची. जगानं कधीच टाकून दिलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम ही मंडळी हट्टानं जिवंत ठेवत होती. ती जुन्या हार्डडिस्कवर चढवायचा प्रोग्राम क्लबातल्या फोकोच्या मशीनवर तयार झाला होता. शरद ऋतूत फोको वारला. आज त्याच्या डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची प्रत काढून सगळ्यांना वाटायची, असं गेशेनं, त्याच्या बायकोनं, ठरवलं होतं.

क्लबाच्या खोलीत हाडं गोठवणारा गारठा होता. हीटर नाताळापासून बंद. तिथे तिघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"या एन्नोनं केलंय," गेशे म्हणाली. "वीस वर्षं फोकोशी भांडत होता. ही डिस्क हातोड्यानं फोडीन म्हणाला होता."

"म्हणालो होतो," एन्नो त्यार्क्स गुरगुरला. "मग?"

"मशीन बंद आहे ना?" वीब्केनं विचारलं.

"नऊ वाजता मीच बंद केलं," रेम्ट उबेन म्हणाला. तो फोकोचा जिवलग मित्र. शवपेटीला खांदा देणाऱ्यांतला पहिला.

"तसंच राहू दे. कुणी हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात चला."

तिथे शेगडी धगधगत होती. गेशेनं स्वेटर काढला, एन्नोनं बाह्या सरसावल्या. रेम्ट मात्र घाम पुसत, कोटाची बटणं लावूनच चहा पीत होता.

"गेशे, ती डिस्क चालायची कशी?" वीब्केनं विचारलं.

"म्हाताऱ्या बैलासारखी. थंडीत वेग घ्यायला अर्धं मिनिट लागायचं आणि मशीन तेवढं थांबायचंच नाही. पहिल्यांदा हटकून नापास. ती फिरती ठेवून मशीन पुन्हा सुरू केलं, की उठायची. हिवाळ्यात एक दिवस चुकला नाही."

"एन्नो, काल संध्याकाळी इथे तू एकटाच होतास?"

"सातपर्यंत."

"डिस्कला हात लावलास?"

"लावला असता तर हातोडाच लावला असता. पुसत बसायला मला वेळ नाही."

"निर्लज्ज!" गेशे ओरडली.

"रेम्ट, सकाळी काय झालं?"

"साडेआठला आलो. मशीन सुरू केलं. नेहमीसारखं पहिल्यांदा उठलं नाही, दुसऱ्यांदा उठलं. बघतो तर आत नुसती कोरी सिस्टीम. फोकोची एक फाइल नाही. लगेच गेशेला कळवलं."

"तो प्रोग्राम आता तुझ्या नावानं वाटला जातो ना?"

"माझाच आहे तो. फोको नुसता टाइप करायचा."

एन्नो फिस्सकन हसला.

अकरा वाजता वीब्के सगळ्यांना घेऊन त्या खोलीत परतली. मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला. बर्फासारखा थंड. तिनं बटण दाबलं.

सिस्टीम उभी राहिली. पहिल्याच झटक्यात.

गेशे पुढे धावली. "ही... ही फोकोची डिस्क नव्हे!"

"नव्हेच. पुसली कुणीच नाही, बदलली. त्याच कंपनीच्या, तेवढ्याच आकाराच्या डिस्क इथल्या कपाटात डझनभर आहेत. त्यातल्या एकीवर सिस्टीम चढवून ती इथे बसवली." वीब्के वळली. "रेम्ट, दोन तास गारठ्यात पडलेली ही डिस्क एका फटक्यात उठते. मग सकाळी तुला दोनदा का लागलं?"

"एखाद्या वेळी होतं असं."

"होत नाही. ती जुनीच डिस्क आहे असं आम्हाला वाटावं, ही गरज फक्त बदलणाऱ्याला होती. म्हणून 'दुसऱ्यांदा उठलं' हे तू कुणी न विचारताच सांगितलंस. आता कोटाची बटणं काढ. शेगडीपुढे घामाघूम होऊनही कोट न काढणाऱ्या माणसाला बंदरावर मी सगळ्यात आधी बाजूला घ्यायची."

रेम्ट दाराकडे सरकला. एन्नो दारात आडवा उभा राहिला. शेवटी रेम्टनं आतल्या खिशातून लोकरी मोज्यात गुंडाळलेली डिस्क काढली.

"प्रत निघाली असती तर प्रोग्राम कुणाचा हे जगाला दिसलं असतं," वीब्के म्हणाली. "त्याचे सगळे कच्चे मसुदे हिच्यात आहेत, आणि त्यातली ओळ न ओळ फोकोची आहे."

"मी ती मोडू शकलो असतो, गेशे. मोडली नाही."

"दया आली म्हणून नव्हे," वीब्के म्हणाली. "पुढची आवृत्ती हिच्यातच आहे, आणि ती तुला लिहिता येत नाही."

गेशेनं डिस्क हिसकावून घेतली. "मी तुला त्याचा खांदेकरी केलं, रेम्ट. चालता हो."

तो गेल्यावर ती एन्नोकडे वळली.

"तुझ्यावर मी आळ घेतला."

"घेतलास. सकाळपासून अकरा जणांना फोन करून. मी फोकोशी भांडलो ते त्याच्या तोंडावर, गेशे. पाठीमागे कधी नाही." त्यानं भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उतरवून तिच्यापुढे धरला. "आता तेच अकरा फोन परत कर. मी इथेच उभा राहून ऐकतो."

गेशेनं ओठ आवळले आणि पहिला नंबर फिरवला.