तिसरी बशी

डोळे घट्ट मिटून, हात हवेत धरून ती प्रयोगशाळेतून धावत सुटली, ती थेट एका माणसावर आदळली.

"नळ... नळ कुठाय?"

"इकडे. वाका. डोळे उघडा... उघडा हो, पाणी आहे, विंचू नाही!"

कुणाच्या तरी ओंजळीतलं गार पाणी डोळ्यांवर येत राहिलं. मिरचीला तिखट करणारं जे द्रव्य, त्याचा अर्क बोटाला लागलेला, आणि आनंदाच्या भरात तेच बोट डोळ्यात गेलेलं!

"रडताय की हसताय?"

"दोन्ही! बशीत कर्करोगाच्या पेशी होत्या. मिरचीने मेल्या. सगळ्या!"

डोळे निवळले. समोर शेजारच्या विभागातला संशोधक होता, ज्याला अख्खी संस्था शंकासुर म्हणायची. तिला सगळे मिरची म्हणत. निम्मं कामावरून, निम्मं जिभेवरून.

"अर्क कशात विरघळवला होता?" त्याने हळूच विचारलं.

"अल्कोहोलमध्ये."

"मग नुसतं अल्कोहोल घातलेली बशी...?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. घाईत ती बशी ठेवायचीच राहिली होती. पेशी अल्कोहोलनेच मेल्या असतील तर? आणि सोमवारी तर विभागप्रमुख मॅडम ठरवणार होत्या — मिरचीचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं.

"दुधात मिठाचा खडा टाकायला बरे भेटलात!" ती फणकारली. पण नव्या बशा मांडल्या त्या दोघांनी मिळूनच. एक साधी, एक नुसत्या अल्कोहोलची, एक मिरचीची. त्यावरची नावं त्याने कागद चिकटवून झाकली.

"कशात काय, ते मलाच ठाऊक. नाहीतर तुम्ही बशीतलं सोडून मनातलंच बघाल. एकच बशी मेली तर मिरची जिंकली. दोन मेल्या तर..."

"कळलं, कळलं! अभद्र बोलू नका."

"आणि बघताना माझ्या तोंडाकडे वळायचं नाही हं. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

"सगळं?"

"सगळं," म्हणत तो खिडकीकडे वळला. कान मात्र लालबुंद झाले होते.

सोमवारी सकाळी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवून तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिली बशी — पेशी टवटवीत, तळाशी ऐटीत पसरलेल्या. दुसरी — आकसलेल्या, सुटून तरंगणाऱ्या. मेलेल्या! आता सगळी भिस्त तिसरीवर. पाठीमागे तो उभा... मान वळवावी? एवढीशी? छे!

तिने तिसरी बशी सरकवली.

"जिवंत! अहो, जिवंत आहेत!"

कर्करोगाच्या पेशी जिवंत बघून इतकं कुणी नाचलं नसेल! कागद सोलले. मेलेल्या बशीवर लिहिलं होतं — मिरची.

मॅडम आल्या, वाकून बघितलं. "बशीत मेल्या म्हणजे माणसात मेल्या असं नाही, पोरी. पण चालू ठेव," म्हणाल्या आणि गेल्या.

"मला धास्ती होती," तो पुटपुटला, "तिसरीही मेलेली निघाली, तर तुम्ही परत माझं तोंड बघणार नाही."

ती आता त्याच्याकडे बघत होती — चांगली डोळे भरून. खरंच, त्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

"निघाली असती तर रडले असते. खूप रडले असते... आणि तुझ्याच शर्टाला नाक पुसलं असतं."

"म्हणजे...?"

"एवढा शिकलास, आणि हेही मीच फोड करून सांगू?"

त्याने हातमोजे काढले. पुढे आलेला हात तिने दोन्ही हातांत धरला. बाहेरून मॅडमनी दोनदा हाक मारली म्हणे. दोघांपैकी एकालाही ऐकू आली नाही.