दोन बोटांएवढा घास

त्या बर्गरची उंची बघूनच तिला वाटलं होतं, आज इथे कुणाचं तरी काहीतरी होणार.

लोण्यावर खरपूस भाजलेला पाव, आत मशरूमची जाडजूड टिक्की, कडेनं ओघळणारं चीज, तपकिरी होईस्तोवर परतलेला कांदा... आणि हा सगळा मजल्यावर मजला ढासळू नये म्हणून वरून खुपसलेली काडी. लोकांना पदार्थ दिसतो, तिला जबडा दिसायचा. दातांची डॉक्टर होती ती. समोर वहिनी मेनूकार्डावरची वर्णनं कवितेसारखी वाचत होती, आणि दोन कवितांच्या मध्ये नणंदेचं लग्न काढत होती. तिचं म्हणणं साधं होतं. मुलगा बघायला गेलं की ही आधी त्याचे दात बघते, हिला नवरा हवाय की घोडा विकत घ्यायचाय?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून ‘टक्’ असा आवाज आला.

तिथे एकटाच बसलेला माणूस दोन्ही हातांत बर्गर धरून, तोंड वासून बसला होता. सगळ्यांना वाटलं, चवीनं थक्क झाला असेल. पण तोंड काही मिटेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घास अडकला समजून वेटर धावला आणि त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागला. तोवर ही उठली होती.

“मारू नका, जबडा निखळलाय त्यांचा,” ती वेटरला म्हणाली. मग त्या माणसाकडे वळून, “मी दातांची डॉक्टर आहे. डोकं मागे भिंतीला टेकवा. आणि घाबरू नका... निदान दिसू देऊ नका.”

त्यानं वासल्या तोंडानंच मान हलवली. तिनं दोन्ही अंगठ्यांना नॅपकिन गुंडाळले, ते त्याच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि जबडा आधी खाली, मग मागे दाबला. पुन्हा एकदा ‘टक्’. जबडा जागेवर बसला आणि बसता बसता तिच्या अंगठ्यावर मिटला.

“सॉरी,” तो पुटपुटला, “चावलो का?”

पहिल्या भेटीत इतका मुद्द्याचा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

“जरासे,” ती म्हणाली. “पण दात चांगले आहेत तुमचे.”

मागे वहिनीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. घोडा पसंत दिसतोय, असं ती जे म्हणाली, ते कुजबुजून म्हणाली असं तिचं तिलाच वाटलं.

तो शाळेत गाणं शिकवायचा आणि एका वृंदगानाच्या संचात गायचा. म्हणजे देवानं नेमका त्याच्या पोटावरच पाय आणला होता. तिनं पथ्य सांगितलं – तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची, मऊ खायचं, आणि गाणं पूर्ण बंद. दर आठवड्याला तो दाखवायला येऊ लागला. ओठ जेमतेम हलवून बोलायचा, जणू प्रत्येक गोष्ट गुपित आहे. ऐकू यावं म्हणून तिला वाकावं लागे. वाकलं की त्याच्या शर्टाला खडूचा वास यायचा...

“हसलं तर चालेल का?” त्यानं एकदा विचारलं.

“हसा. पण बेतानं.”

“मग तुम्ही जरा कमी बोलत जा.”

नंतर आलेल्या पेशंटला ती इतकं गोड हसली, की त्या आजोबांना आपली कवळी फारच शोभते आहे असं वाटलं.

आणि मग एक दिवस तिनं मापायला बोटं धरली, तर दोन काय, तीन बोटं आरामात गेली. जबडा ठणठणीत. आता यायची गरज नाही, एवढंच सांगायचं होतं. ती खिडकीबाहेर बघू लागली, आणि आपलंच तोंड बोलताना तिला ऐकू आलं – “अजून दोन आठवडे जपा.”

चांगल्या दाताला कीड सांगणाऱ्या डॉक्टरांना ती आजवर नावं ठेवत आली होती. त्या रात्री तिला धड जेवण गेलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी तो तिला जेवायला घेऊन गेला, त्याच रेस्टॉरंटमध्ये. तिच्यापुढे बर्गर आला, त्याच्यापुढे सूप. चमचा फिरवत तो सहज सांगत होता, की रविवारी त्यांच्या संचाचा कार्यक्रम आहे. मधलं एकट्यानं गायचं कडवं यंदा त्याच्याकडे आलं होतं. कितीतरी वर्षं तो त्याची वाट बघत होता. संच बसवणाऱ्या बाईंना आज कळवायला हवं, म्हणजे त्या दुसऱ्याला बसवतील.

“डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द,” म्हणत त्यानं फोन काढला.

तिच्यापुढचं चीज आता गार होऊन पावाला चिकटत होतं. गप्प बसलं तर तो पुढच्या आठवड्यातही येईल. बोललं तर... बोललं तर कदाचित आजच शेवटचं जेवण.

“थांबा,” ती म्हणाली. “तुम्ही गाऊ शकता. मागच्या वेळीच बरे झाला होतात तुम्ही. मी खोटं सांगितलं.”

त्याचा अंगठा फोनवर तसाच थांबला. “का?”

“बरे झालात असं सांगितलं असतं, तर तुम्ही आला नसतात.”

त्यानं सुपाची वाटी पुढे सरकवली.

“आठवडाभर मी हे पितोय,” तो म्हणाला.

“हो.”

“वर्गात पोरांनी माझं नाव ‘कुजबुजे सर’ ठेवलंय.”

“हे... मला माहीत नव्हतं.”

“मी मुकलो असतो त्या कडव्याला.”

तो बाईंना फोन लावत बाहेर गेला. काचेपलीकडे तो बोलताना दिसत होता, पाठमोरा. गेला तर जाऊ दे, तिनं स्वतःला बजावलं. निदान गाईल तरी. पण डोळे काही काचेवरून हलेनात.

तो परत आला. बसला. त्यानं तिची प्लेट स्वतःकडे ओढली, काडी काढून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी बर्गर उचलला आणि चांगलं ऐसपैस तोंड उघडलं. सवयीनं ती खुर्चीतून अर्धी उठली. काही झालं नाही. तो सावकाश चावत राहिला, आणि ती निकालाची वाट बघणाऱ्या आरोपीसारखी बसून राहिली. इतक्या शांतपणे चावणारा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी त्यानं ओठ पुसले.

“रागावलोय मी,” तो आता मोकळ्या, भरदार आवाजात म्हणाला. तो आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. “रविवारपर्यंत राहील बहुतेक. पहिल्या रांगेत बस. वरच्या सुरात जबडा निखळला, तर कुणीतरी जवळ हवं.”

“एवढ्यासाठीच?”

“नाही,” तो म्हणाला आणि उरलेला बर्गर तिच्या हातात दिला. “पण घरी सध्या तेवढंच सांग.”