वेचणारीची ओटी

कळंबच्या चिंतामणीची शपथ, ही गोष्ट जशी घडली तशीच सांगतो. मी तेव्हा तिथंच होतो. म्हणजे, दुसऱ्या दिवशी गेलतो; पण खरं ते खरंच.

कापसाला कोणी विचारत नव्हतं, नेमकं त्याच वर्षांत आमच्या गावाला टेकडीवर बाग करायची हौस आली. नागमोडी वाट, वळणावळणावर सिमेंटचे पुतळे आणि माथ्यावर कापूस वेचणारी बाई. पुतळे सारे अय्यूब मिस्त्रीचे. सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर गिलावा. आणि चुण्या खऱ्या दिसाव्यात म्हणून खरंखुरं लुगडं सिमेंटच्या पाण्यात बुडवून नेसवायचं, ही त्याची खुबी.

त्या संध्याकाळी लुगडं पाहून सिमेंटचा माल कालवणारी मैनाबाई थबकली.

"मिस्त्रीभाऊ, हे कुठून आणलं?"

"टेकडीमागं बाभळीखाली पडलं होतं. फुकटात!"

"अरे देवा! तिकडं आमच्यातले लोकं मयताचे कपडे टाकतेत. कायले हात लावला?"

"तिले काय आता बाजाराले जायचं हाये? उद्या उद्घाटन हाये, बाई. घरी जाय तू."

मैनाबाई घमेलं टाकून तरातरा उतरली.

अय्यूबनं पुतळ्याच्या पोटाशी ओटी बांधली, वेचलेला कापूस टाकायला बायका बांधतात तशी. फुगीर दिसावी म्हणून उजवा हात आत घातला. आत काहीतरी मऊ लागलं... कोमट. सरकीसकट कापूस. त्यानं तर काहीच भरलं नव्हतं.

हात ओढला. निघेना. ओटीचं तोंड मनगटाभोवती आवळलं होतं आणि सिमेंट धरायला लागलं होतं. ओल्या सिमेंटच्या वासात हळदीचा वास मिसळला.

"सोड ना, माय..." तो पुटपुटला. "हात गेला तर लेकरं खातील काय?"

आतून कोणीतरी त्याचं एकेक बोट चाचपलं. बोंडातून कापूस ओढतात, तसं ओढलं.

खालून चौकीदार भावसिंगची बॅटरी वळणं घेत वर आली. अय्यूबनं ओरडायला तोंड उघडलं. दिवसभर उडालेलं सिमेंट गालांवर वाळून दगड झालं होतं. जबडा हलला नाही. भावसिंगनं उजेड थेट तोंडावर धरला आणि हसला.

"वा रे मिस्त्री! एक पुतळा सांगतला, दोन करून गेला!"

मग खाली फाटकाला कुलूप लागल्याचा आवाज आला.

सकाळी मैनाबाईनं हातोड्यानं ओटी फोडली, हात सुटला, आणि अय्यूब वणीच्या एसटीत बसला तो पुन्हा दिसला नाही.

आता शपथच घेतली आहे तर कबूल करतो. हातोडा मी रचला. एसटीही. मी गेलतो तेव्हा ओटीला साधा तडा नव्हता, आजही नाही. बाईपुढं वाकलेला तो मिस्त्रीचा पुतळा लोकांना फार आवडतो. लेकरं त्याच्या पाठीवर बसून फोटो काढतात.

मैनाबाई मात्र दर शुक्रवारी टेकडी चढते, त्याच्या मोकळ्या हाताची नखं कापायला.