आतल्या खोलीतले सर

हे लिहिणारच नव्हतो.

टाईप केलं, उडवलं. परत टाईप केलं, परत उडवलं. कारण इथे रोज कोणीतरी खरी घटना म्हणून काहीही ठोकून देतं आणि खाली लोक हसत बसतात. हसा. पण ज्याच्यासोबत हे झालं तो माझा शाळेपासूनचा मित्र आहे. आणि त्यानेच सांगितलं, "लिही रे. निदान कोणाला तरी माहीत असू दे."

अमावस्या नाही, पडका बंगला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. लिफ्ट चालू. भर दुपार. खाली कोणीतरी गाडी धुतंय, पाण्याचा आवाज वरपर्यंत येतोय.

अशा दुपारी झालं हे...

मित्राला सगळे किऱ्या म्हणतात. लहानपणी त्याच्या व्हायोलिनमधून जो काही आवाज निघायचा, त्यावरून त्याच्या ताईने नाव ठेवलं, किरकिऱ्या. पुढे तो फार चांगला वाजवायला लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याचे सर म्हणजे व्हायोलिनमधला बाप माणूस. ते वाजवायला लागले की सभागृहात लोक खोकला गिळायचे. पण त्यांचं शिकवणं...

विद्यार्थी बाहेरच्या खोलीत. सर आतल्या खोलीत. मधे भिंत. दार बंद.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "मला तुझं तोंड बघायचं नाहीये. तोंड बघितलं की दया येते, आणि दया आली की कान बिघडतात. मी आत बसून ऐकणार. चुकलं की भिंतीवर ठक करणार. ठक झालं की थांबायचं, पहिल्यापासून वाजवायचं. काय चुकलं ते विचारायचं नाही. जमेल त्या दिवशी मी दार उघडेन."

बस. एवढंच शिक्षण.

किऱ्या वाजवायचा. ठक. पहिल्यापासून. ठक. पहिल्यापासून. एकेक महिना असा गेला की दुसरं पान त्याने फक्त डोळ्यांनी बघितलं.

बाकीच्यांसाठी दार उघडलं. त्याच्या नंतर आलेल्या एका मुलीसाठी उघडलं. एका जाड्यासाठी उघडलं, ज्याला किऱ्याच्या मते गज धरता येत नव्हता. गज म्हणजे तारांवर फिरवतात ती काठी. तो जाड्या पेढे मिळाल्यासारखं तोंड करून जिना उतरला.

किऱ्यासाठी नाही.

एका मोठ्या रचनेत तिसऱ्या पानावर एक जागा होती. सूर एकदम वर चढतो आणि मग विरत विरत जातो, अगदी संपेपर्यंत. तिथे आला की ठक. हळू वाजव, ठक. जोरात वाजव, ठक. एकदा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भिंतीकडे तोंड करून ओरडला, "अहो सर, एकदा तरी सांगा ना काय चुकतंय! माणूस आहे मी!"

त्याने भिंतीला कान लावला.

मग... ठक.

काकू, म्हणजे सरांची बायको, पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस बाळा. मी इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, मलाही अजून कळलेलं नाही मीठ बरोबर पडतं की नाही."

आणि मग सर वारले. दवाखान्यात, छातीच्या दुखण्याने.

किऱ्यासोबत मी काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेला रे म्हातारा. दार न उघडता गेला."

काकूंनी त्याला जवळ बसवलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने ठकठक करायचे. नर्सला वाटायचं पाणी हवंय. मी विचारलं, काय पाहिजे? तर म्हणाले... त्याला सांग, पहिल्यापासून."

"कोणाला?"

काकूंनी नुसतं त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

थोड्या महिन्यांनी मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनची जागा निघाली. कायमची नोकरी. एकच जागा, आणि किऱ्याचं वय त्यात बसत होतं ते शेवटचंच. पुढच्या वेळी तो अर्जसुद्धा करू शकला नसता. लहानपणापासून हेच हवं होतं त्याला. लग्नाबिग्नात वाजवून आणि शेजाऱ्यांच्या पोरांना सा शिकवून जीव मेटाकुटीला आला होता.

परीक्षेत वाजवायची रचना कोणती?

तीच. तिसऱ्या पानासकट.

घरी सराव होईना. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ, रोज तक्रार. शेवटी काकूंनीच किल्ली दिली. त्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. फ्लॅट रिकामाच होता. म्हणाल्या, "जा, वाजव. घराला सवय आहे."

आतली खोली त्यांनी रंगवून घेतली होती. सरांची खुर्ची नाही, पलंग नाही. पांढऱ्या भिंती आणि नव्या रंगाचा वास. किऱ्याने आत डोकावून बघितलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत उभा राहिला. नेहमीच्या फरशीवर.

वाजवायला लागला. पहिलं पान. दुसरं. हात छान चालत होता.

तिसरं पान. सूर वर चढला, विरायला लागला आणि...

ठक.

त्याचा हात आपोआप थांबला. सवयच तशी. गज खाली घेतला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

कोणी ठक केलं?

शेजारी असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण आतल्या खोलीला शेजार नाही. पलीकडे नुसती हवा आणि तीन मजले खाली पार्किंग.

त्याने दार उघडलं. खोली रिकामी.

दार लावलं. पहिल्यापासून वाजवलं.

ठक.

मी त्याला विचारलं, "पळाला नाहीस?" तर हा म्हणतो, "घाबरलो नाही रे. चिडलो! म्हटलं, मेल्यावर पण? मेल्यावर पण सुट्टी नाही?"

दुसऱ्या दिवशी परत गेला. तेच. त्या जागेला... ठक. संतापून आत शिरला, तर भिंतीवर एका जागचा रंग उडालेला. बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल तिथे. छोटासा गोल. खाली फरशीवर पांढरे पापुद्रे.

तिथेच सरांच्या बोटाच्या वर्षानुवर्षांच्या ठकठकीने खळगा पडला होता. काकूंनी तो बुजवून वर रंग दिला होता.

आता तो परत उघडा पडला होता.

किऱ्याने ताईला बोलावलं. ताई दातांची डॉक्टर आहे. तोंड फाटकं आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. गाण्यातलं तर एवढं कळतं की रडणारं बाळ आणि व्हायोलिन तिला सारखंच.

"पाईप असेल, गाढवा," ती म्हणाली. "पाण्याचे पाईप वाजतात. दवाखान्यात माझ्या डोक्यावर रोज वाजतात."

"पाईप काय तिसऱ्या पानावरच वाजतो?"

"मग तुझं डोकं वाजत असेल. थांब, मीच आत बसते. कोण ठकठक करतं बघते, आणि त्याचे दात फुकट काढून देते."

हातात मोबाईल घेऊन ती आत जाऊन फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून. दार बंद केलं. आतून ओरडली, "चल, कर सुरू तुझी किरकिर!"

किऱ्याने सुरू केलं.

पहिलं पान. आतून ताईच्या मोबाईलमधलं कुठलं तरी हसणं ऐकू येत होतं.

दुसरं पान. हसणं बंद झालं.

तिसरं पान...

सूर चढला. विरायला लागला.

ठक.

"ताई, चेष्टा नको हं! डोकं फिरलंय माझं आधीच!"

त्याने गज बाजूला ठेवला.

"ताई?"

दार उघडून ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला. मधल्या बोटाच्या सांध्यावरची साल निघाली होती, त्यात पांढरा रंग अडकला होता.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"मग हाताला काय झालं?"

"म्हणजे... हात माझाच होता." ती बोटाकडे बघत म्हणाली. "पण मी नाही केलं. आणि ऐक ना... मला कळलं रे. तू चुकलास ते मला कळलं. मला! तू तो आवाज संपायच्या आधीच सोडून देतोस. घाबरून."

बोलली आणि मटकन सोफ्यावर बसली. ती पाणी प्यायल्यावर किऱ्याने परत विचारलं, म्हणजे नेमकं कसं सोडतो? तर ती उलट त्यालाच विचारायला लागली.

"काय सोडतोस? कुठला आवाज? मला काय कळतंय त्यातलं?"

सगळं पुसलं गेलं होतं. सोललेलं बोट तेवढं राहिलं.

त्यानंतर किऱ्या त्या फ्लॅटवर गेला नाही. गच्चीवर, गाडीत, माझ्या खोलीत, मिळेल तिथे सराव केला. ठक कुठेच आलं नाही. मला म्हणाला, "सुटलो."

परीक्षेचा दिवस. सकाळची वेळ.

तिथली पद्धत अशी की परीक्षक पडद्याआड बसतात. वाजवणारा कोण, बाई का पुरुष, काही दिसू नये म्हणून. उमेदवाराने तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज ओळखीचा निघाला तर? एक बाई सोबत उभी असते, ती फक्त नंबर सांगते. त्या बाईने किऱ्याला आत घेतलं, मागचं दार लावलं, कडी घातली.

समोर जाड काळा पडदा.

पडदा कसला, भिंतच ती. सरांनी इतकी वर्षं त्याला याच्यासमोरच तर उभं केलं होतं.

वाजवायला लागला. पहिलं पान लोण्यासारखं गेलं. दुसरंही.

तिसरं.

सूर चढला... विरायला लागला... आता संपणारच...

ठक.

आणि त्याचा हात थांबला.

असा थांबणारा फक्त त्या सरांचाच विद्यार्थी असू शकतो. दुसरा कोणीही खोकला येवो, छत पडो, वाजवत राहिला असता. याचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने थांबला, गज खाली आला, आणि तो परत पहिल्यापासून सुरू झाला!

बाई हातवारे करत होती. डोळे मोठे करून कुजबुजली, "अहो, पुढे! पुढे वाजवा!" त्याला सांगता येईना की तुम्हाला ऐकू नाही आलं का. तोंड उघडलं की बाद. आणि मधेच थांबलो म्हणूनही बादच, हे त्याला कळत होतं. सगळं हातातून गेलं होतं.

"मग मी म्हटलं, गेलं ना सगळं?" किऱ्याने मला सांगितलं. "मग आता म्हाताऱ्या, ऐकच."

रागारागाने वाजवलं. भीती उरलीच नव्हती, कशाची उरणार? तिसरं पान आलं. सूर वर गेला, विरत गेला, आणि त्याने तो सोडला नाही. नुसता धरून ठेवला, पार आवाज आणि शांतता यातला फरक कळेनासा होईपर्यंत.

ठक झालं नाही.

त्याने गज खाली घेतला.

मग मागून... कडी सरकल्याचा आवाज.

दार उघडलं. हळूहळू, कुरकुरत. कोणीतरी आतून उठून, गुडघे धरत येऊन उघडावं तसं.

किऱ्याने मागे बघितलं नाही. मानेवर वाऱ्याची झुळूक आली म्हणे, आणि राळेचा वास. गजाला घासतात ती राळ. सरांच्या कपड्यांना कायम असायचा तो.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "ठक? छे, मी नाही ऐकलं काही." मग कडीला हात लावून बघत राहिली. "पण ही मी घातली होती... मीच घातली होती."

निकाल आला. वादन सर्वोत्तम. पण मधेच थांबून पुन्हा सुरुवात केल्यामुळे नियमाप्रमाणे अपात्र.

जागा त्या जाड्याला मिळाली.

किऱ्याने माझ्या खोलीत येऊन उशीवर बुक्के मारले. "दार उघडलं रे! शेवटी उघडलं! आणि त्याच दिवशी माझ्या आयुष्याचं दार लावून गेला तो!" हसत होता की रडत होता, मला नाही कळलं. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

आता तो शिकवण्या करतो. ताई सांगते की दवाखान्यात कोणी रुग्ण गुणगुणला की तिचं मधलं बोट आपोआप वाकतं. हसत सांगते. पण त्या बोटाला ती पट्टी बांधून ठेवते. जखम तर कधीचीच भरून आली.

किऱ्याने मला एक गोष्ट आधीच मागून ठेवली होती. म्हणाला, "मी पोरांसमोर बसून शिकवतो. चुकलं की सांगतो काय चुकलं. पण कधी मी आत जाऊन बसायला लागलो ना... तर तू ये, आणि बाहेरून दार उघड. मी चिडलो तरी. आतून काहीही ऐकू आलं तरी."

मी हसलो होतो तेव्हा.

काल फोनवर सहज म्हणाला, "अरे, बाहेरच्या खोलीत पोरांचा आवाज मस्त घुमतो. म्हणून मी हल्ली जरा आतच बसतो. तोंड बघितलं की दया येते यार..."

त्याला कळलंच नव्हतं तो काय बोलला ते.

मी म्हटलं, "उद्या शिकवणी किती वाजता आहे? मी येतोय. दार मी उघडणार. नक्की."