तेवढी कॉपी करून घे

द्वारकेचा चौक पायी ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ. निलोफर दहा मिनिटं कडेलाच उभी होती. तेवढ्यात शेजारच्या उंच मुलानं ट्रकसमोर सरळ हात आडवा धरला. "चला... इथं लाजत बसलात तर संध्याकाळ होईल."

ती गेली. मग ऑफिसच्या जिन्यातही तो मागे, तिसऱ्या मजल्यावरही मागे. ती वैतागून वळली, तर हा हसतोय.

"आवेज. आजपासून याच ऑफिसात."

झालं. पोरीचं त्या दिवशी कामात लक्ष लागलं असेल तर शपथ.

कंपनी छोटी, काम कांदा बाजारातल्या लिलावाच्या बोर्डाचं. शेतकऱ्यांची नावं निलोफरच्या हॅस्केलमधून निघायची आणि बोर्ड आवेजच्या सीवर चालायचा. दोन्ही प्रोग्रॅमिंगच्याच भाषा, पण तऱ्हा निराळी. हॅस्केल जागेची काळजी स्वतः घेते; सीमध्ये मेमरीतली जागा आपणच धरायची, आपणच सोडायची. म्हणून निलोफर प्रत्येक नाव तात्पुरत्या जागेत ठेवून त्याला द्यायची. त्याचं फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्या कामाला जायची.

"नाव आलं की लगेच तुझ्याकडे कॉपी करून घे," तिनं बजावलं. "नुसता जागेचा पत्ता ठेवू नकोस. नंतर तिथं भलतंच सापडेल."

"तुझं नाव तर केव्हाच करून घेतलंय."

"आवेज... मी कामाचं बोलतेय."

"मग मी कुठं सुट्टीचं बोलतोय?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढे चार महिने तो तिच्या चहावरची साय न सांगता काढत राहिला, खिडकीतून पावसाची भुरभुर आत आली की तिचा कीबोर्ड सरकवत राहिला. आता रविवारी त्याची अम्मी मागणी घालायला येणार होती. निलोफरचा होकार ठरलेलाच होता.

गुरुवारी नामपूरच्या कांदा बाजारात चाचणी झाली. ऑफिसात पाच नावांवर सगळं सुरळीत चाललं होतं. इथं दोनशे होती. थोड्याच वेळात बोर्डावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं नाचू लागली. गोटीराम नावाचे एक म्हातारे मान वर करून विचारत राहिले, "मन्हं नाव कोठे शे?" लोक हसले आणि लिलाव थांबला.

परतताना गाडीत तिनं त्याचा कोड उघडला. कॉपी कुठंच नव्हती, नुसते पत्ते होते.

"राहिलं गं..." तो पुटपुटला.

"असू दे. माणूस चुकतो." तिनं त्याचा हात क्षणभर दाबला.

शुक्रवारी कंपनी चालवणाऱ्या शेखर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चूक कोणाची?"

निलोफरनं आवेजकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. मग खाली बघतच म्हणाला, "सर... नावं तर हॅस्केलमधून येतात."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. तिनं कोड दाखवायच्या आत सरांनी काम तिच्याकडून काढून घेतलंही.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. "निलू, माझं प्रोबेशन चालू आहे. नोकरी गेली तर तुझे अब्बा मला दारात तरी उभं करतील का?"

"आणि माझी गेली असती तर?"

"तुझं काय..." तो अगदी सहज, मायेनंच म्हणाला, "लग्नानंतर तू तशीही सोडणारच होतीस ना?"

हे त्याला कोणी सांगितलं होतं? तिनं तर नव्हतं. चार महिन्यांत त्यानं कधी विचारलंसुद्धा नव्हतं. कोडातल्या चुकीचं तिला वाईट वाटलं नव्हतं, पण आता मात्र आतून तुटलं.

ती वर गेली. त्याच्या कोडात कॉपीच्या दोन ओळी स्वतः घातल्या, चाचणी घेतली. दोनशेही नावं नीट आली, गोटीरामांचंही. सगळं सरांना पाठवून तिनं घरी फोन लावला.

"अम्मी, रविवारी त्यांना येऊ नका म्हणावं."

"अगं, खिरीला पाच लिटर दूध सांगून ठेवलंय मी."

"आपण खाऊ ना खीर..." आणि तिला रडू कोसळलं.

खाली चौकात तशीच गर्दी होती. मागून आवेजची हाक आली, "निलू, थांब, मी येतो."

तिनं डोळे पुसले, ट्रकसमोर हात आडवा धरला आणि रस्ता ओलांडला.