बुढीचं खाटलं आणि तीन चोर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खामगावला यावं. मी पुस्तक दाखवते. पान त्रेचाळीस.

मी सुवर्णा. एका छापखान्यात टाइपिंग करते, पानं लावते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि वर्षातून एकदा भागवत सरांचं पुस्तक.

सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. मुलांसाठी लिहायचे. चंद्रावर उतरलेली माणसं. दुर्बिणीतून पहिल्यांदा गुरूचे चंद्र पाहणारा. बर्फातून ध्रुवापर्यंत चालत गेलेले. जिथं आधी कुणी गेलं नाही तिथं गेलेल्या माणसांवर सरांचा फार जीव. आमचे मालक माणिकराव ती पुस्तकं छापायचे आणि शाळाशाळांत पोचवायचे.

गेल्या वर्षी सर म्हणाले, "सुवर्णा, यंदा आपल्या मातीतलीही माणसं हवीत. ज्यांनी नुसत्या डोळ्यांनी आभाळ वाचलं, अशी."

मीच म्हणाले, "मग माझ्या बाबांच्या मावशीला भेटा, सर."

मीच म्हणाले. हे आधीच सांगून टाकते.

तिचं नाव केसरबाई. गाव सोनाळा. सातपुड्याकडे तोंड करून शेवटचं घर. गाव तिला केसरबुढी म्हणायचं. हातात घड्याळं नव्हती तेव्हा सोंगणीला, पीक कापायला जाणाऱ्या बाया तिच्या हाकेवर उठायच्या. ती आभाळाकडे बघायची आणि ओरडायची, "खाटलं कलंडलं वं, उठा!"

आम्ही गेलो तो गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. रात्रीचे आठ वाजले असतील. बुढी अंगणात खाटल्यावर बसली होती. उत्तरेला सात चांदण्या चढल्या होत्या.

"ते सप्तर्षी," सर म्हणाले.

बुढी खुदकन हसली. "तुमचे असतीन रुशी. आमचं खाटलं हाये थे. चार खूर दिसते का, खाटल्याचे पाय? अन् मागं तीन… थे चोर."

"कोणाचं खाटलं, आजी?"

"बुढीचं. मायासारखीच एक बुढी. खाटल्याबिगर काईच नोतं तिच्यापाशी. तीन चोर आले, खुराले हात घातला. तवापासून बुढीचा डोया लागला नाई. ना तिले निजता ये, ना चोराईले पयता ये. फिरून राह्यले खाटल्याभोवती."

सरांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

"सगळी कहाणी सांगतो," बुढी म्हणाली. "पण हुंकार देजा बापा. बिनहुंकाराची कहाणी चोरीची होते."

मी 'हूं' म्हणायला तोंड उघडलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "मधे आवाज नको. रेकॉर्डिंग खराब होतं."

चौदा मिनिटं बुढी बोलली. दर वाक्याला थांबायची…

वाट बघायची…

आम्ही माना हलवायचो. अंधारात मान कुणाला दिसते?

शेवटी तिने ओवी म्हटली. आवाज असा, की जात्यातून पीठ सांडावं.

उत्तरेच्या अंगणात
बुढीचं गं खाटलं
तीन चोर आले बाई
खूर त्याईनं गाठलं

निजली ना बुढी कधी
डोया नाही लागला
नजरेच्या दोरानं
चोर तिनं टांगला

निघताना तिने माझं मनगट धरलं. "माहं नाव टाकसान ना वं पुस्तकात? मले वाचता नाई येत. लोकाईले त येते."

"हाव बुढे. मी सोताच टाइप करतो."

शब्द दिला मी.

आषाढात सरांचं हस्तलिखित आलं. पुस्तकाचं नाव 'आभाळाचे पहिले वाटाडे'. बेचाळीस पानं परदेशातल्या मोठ्या माणसांची. त्रेचाळिसावं पान बुढीचं. वर सात चांदण्यांचा नकाशा, खाली एक ओळ : ही सर्व माहिती केसरबाई, सोनाळा यांची.

माणिकराव माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते.

"भागवत सर, हे काय लावलं? एवढे मोठे शास्त्रज्ञ, अन् त्याईच्या मांडीले मांडी लावून सोनाळ्याची बुढी? शाळावाले हसतीन ना."

"पण माहिती तिचीच आहे हो," सर म्हणाले.

"असू द्या ना. तुमी लिवलं त तुमची. बुढी काय वाचाले येते?"

सरांनी हस्तलिखित मिटलं. मग म्हणाले, "सुवर्णा, 'लेखकाच्या स्वतःच्या निरीक्षणावरून' असं कर. आणि ते 'खाटलं' काढ. 'खाट' कर. शुद्ध दिसेल."



नाव निवडलं. बटण दाबलं.

एक म्हणाला, एकाने मानलं, एकीने पुसलं… तीन झाले ना?

तेव्हा मोजलं नव्हतं.

दसऱ्यानंतर प्रकाशन झालं. टाळ्या, शाल, पेढे. पाचशे प्रती हातोहात गेल्या. चार दिवसांनी सोनाळ्याहून बुढीच्या नातसुनेचा, जयमालाचा फोन आला.

"शाळेतून पोट्ट्यानं पुस्तक आणलं. बुढी म्हणे, माहं नाव कोठी हाये, त्यावर बोट ठेव. म्या सारे पानं पाह्यले, सुवर्णा. बोट ठेवाले जागा नाई भेटली."

"मग?"

"काई नाई म्हने. एवढंच म्हने, 'हुंकारबी नाई देल्ला त्याईनं.' अन् तोंड फिरवून निजली. काल गेली."

जयमाला थांबली नाही.

"अन् आईक. शेवटी जमिनीवर उतरवाले गेलो, त खुराले मिठी मारली तिनं. चौघाईले सुटली नाई. खाटल्यावरच जीव गेला."

आमच्याकडे मरणाऱ्याला खाटेवर जाऊ देत नाहीत. जीव सुतळीत अडकतो म्हणतात.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी सर छापखान्यात आले. मशीन चालू होतं. सरांनी खुणेनं बंद करायला लावलं.

"सुवर्णा, त्या दिवशी तू हुंकार दिला होतास का?"

"नाही सर. तुम्हीच बोट ठेवलं होतं ओठांवर."

"मग हे ऐक."

मोबाइल टेबलावर ठेवला. बुढीचा आवाज… "एका बुढीपाशी एक खाटलं होतं…"

मग ती थांबली. जशी थांबायची तशी.

आणि त्या मोकळ्या जागेत…

"हूं."

पुरुषाचा आवाज. थकलेला. मोबाइलच्या अगदी जवळून आलेला.

दर वाक्यानंतर. हूं. हूं. हूं.

माणिकराव हसले. "सर, हा त तुमचाच आवाज हाये."

सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. पान त्रेचाळीस. नकाशा मी स्वतः लावला होता. सात ठिपके. चार खुरांचे, तीन चोरांचे.

मी मोजले.

सहा.

कपाटातल्या जादा छापलेल्या प्रती काढल्या. सगळ्यांत सहा. चोरांच्या रांगेतला शेवटचा ठिपका नव्हताच. तिथला कागद कोरा, गुळगुळीत… जणू तिथे शाई कधी टेकलीच नाही.

आठवड्याने सकाळीच सरांच्या पत्नीचा, पुष्पांजलीबाईंचा फोन आला. "ये बरं लवकर."

सर खोलीत चालत होते. पलंगाभोवती. उलट्या फेऱ्या, उजवीकडून डावीकडे. उत्तरेच्या चांदण्या ध्रुवाभोवती फिरतात तशा. सरांनीच शिकवलं होतं ते मला.

"सर, बसा ना."

"निजलो की एक खूर उचलतं गं कोणी," ते चालत चालत म्हणाले. "मी उठून खाली टेकवतो. मग दुसरीकडचं उचलतं. सकाळ झाली का?"

बाहेर ऊन पडलं होतं. खिडकी सताड उघडी होती.

"झाली सर."

"खोटं बोलू नको. चांदण्या दिसताहेत मला."

फरशीवर त्यांच्या पावलांची गोल वाट उमटली होती. पाणी सांडल्यासारखी वाटली. वाकून पाहिलं.

रक्त होतं.

डॉक्टर झाले. झोपेची इंजेक्शनं झाली. सर झोपेतही चालले. अकराव्या दिवशी चालता चालता पडले, ते उठले नाहीत. सुटले, असं पुष्पांजलीबाई म्हणाल्या. मला नाही वाटत ते सुटले असतील.

सरांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते रेकॉर्डिंग लावलं. सरांनी मला पाठवून ठेवलं होतं.

"एका बुढीपाशी एक खाटलं होतं…"

"हूं."

आता दोघांचा आवाज होता.

सरांचा. आणि माणिकरावांचा.

पुस्तक उघडलं. पाच ठिपके.

माणिकरावांना सांगितलं तर म्हणाले, "सायन्सचे पुस्तकं छापतो अन् भुताले भिऊ का मी?" पण त्याच दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या खाटा विकल्या. जमिनीवर निजायला लागले. तिसऱ्या दिवशी कामाला आले नाहीत. मी पाहायला गेले. मोकळी खोली… मधे काहीच नाही… आणि माणिकराव त्या काहीच नसलेल्या भोवती फिरताहेत. हात पुढे धरलेला. काहीतरी पकडल्यासारखा.

"सोडता येऊन नाई राह्यलं, सुवर्णा," ते म्हणाले. "हात चिकटला."

ते अजून आहेत. अजून फिरताहेत.

मी दुसऱ्याच दिवशी सोनाळ्याची बस धरली. पिशवीत चिठ्ठ्या होत्या. मी छापलेल्या. 'ही सर्व माहिती केसरबाई, सोनाळा यांची.' खामगावात सापडतील तेवढ्या प्रतींवर आधीच चिकटवून पाहिल्या होत्या. दोन दिवसांत एकूण एक गळून पडल्या. गोंद ओला, चिठ्ठी कोरी.

जयमाला दारातच भेटली.

"आता आली का? तवा कोठी गेलती?"

"माफी मागायला आले, वैनी."

"मले काऊन मागतं? तिले माग."

तिने परसाकडे बोट केलं. लिंबाखाली बुढीचं खाटलं होतं. रिकामं. पण सुतळी मधोमध खोलगट… कुणी कुशीवर निजल्यासारखी.

"रोज आवयतो मी," जयमाला म्हणाली. "रोज सैल होते."

"नाव छापलं, वैनी. टिकत नाही."

"नाव मंगचं. तिनं पह्यले काय मांगतलं होतं? हुंकार. थो देल्ला का?"

जयमाला आत गेली. मी खाटल्याजवळ जमिनीवर बसले. सकाळचे अकरा. कोवळं नाही, चांगलं चटचट ऊन. लिंबावर एक होला घुमत होता.

मोबाइल खाटल्यावर ठेवला. रेकॉर्डिंग लावलं. बुढी बोलायला लागली, आणि प्रत्येक वाक्याला मी मोठ्याने म्हणाले…

"हूं."

"हूं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. होला कधी गप्प झाला कळलं नाही. चौदा मिनिटं. ओवी झाली. चोर टांगला. रेकॉर्डिंग तिथेच संपतं. मला पाठ आहे.

संपलं नाही.

स्क्रीनवर आकडे पुढे सरकत राहिले. चौदा-एक… चौदा-दोन…

मग बुढीचा आवाज. ओवीचा नाही. मनगट धरलं होतं तेव्हाचा.

"आता देल्ला व्हय हुंकार… देत जाजो. पण पोरी… खुरावरचा हात त काढ."

मी खाली पाहिलं.

माझ्या उजव्या हाताने खाटल्याचं खूर घट्ट धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. मी कधी धरलं, मला माहीत नाही.

ओढला. निघेना. जयमाला धावत आली. तिने एकेक बोट सोडवलं. चार निघाली. पाचवं, ज्या बोटाने ते बटण दाबलं होतं ते, सगळ्यात शेवटी निघालं. त्याचं नख खुरालाच राहिलं.

या गोष्टीला आज पाच महिने झाले. नख परत आलेलं नाही.

त्रेचाळिसाव्या पानावर पाच ठिपके आहेत. चार खूर आणि एक चोर. रोज सकाळी मोजते. तो तिसरा ठिपका का ठेवलाय तिने, मला कळत नाही. माफ केलं म्हणून? की सर्वांत जवळची होते, म्हणून सावकाश?

माझ्या घरी खाट नाही. तरी पहाटे फरशीवर लाकूड टेकल्याचा आवाज येतो. टक्.

हे लिहिण्याचं कारण एवढंच, की ती पाचशे पुस्तकं शाळाशाळांत पडून आहेत. पोरं वाचताहेत. बिनहुंकाराची. कुणाकडे असेल तर पान त्रेचाळीस उघडा, बाजूला पेनाने तिचं नाव लिहा आणि मोठ्याने हुंकार द्या.

पाठवण्याआधी हे सगळं मी पुन्हा वाचलं. तिचं नाव जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे मोकळी जागा होती. पुन्हा भरलं. पुन्हा वाचलं. पुन्हा मोकळी. आता चौथ्यांदा भरतेय, नख नसलेल्या बोटाने. तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा ते दिसेल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून शेवटी एकदा, अक्षर अक्षर लिहिते. के. स. र. बा. ई.

वाचलंत ना?

मग 'हूं' म्हणा.

मनातल्या मनात नको. तिला ऐकू आलं पाहिजे.